तासांची वही

या वहीत चार रकाने आहेत:
तारीख, तास, काय केलं, कोणाच्या देखरेखीखाली.
सही मिसेस आख्टरबर्गची, हिरव्या शाईत.
एकतीस वर्षं त्या याच खोलीत बसतात,
याकिमाच्या खोऱ्यात, सफरचंदाच्या पेट्यांच्या गावात.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं:
तू बोलशील ते इथंच राहील, तीन गोष्टी सोडून.
कोणी तुला इजा करत असेल,
तू स्वतःला करणार असशील,
किंवा दुसऱ्या कोणाला.
म्हणाल्या, हे आधी सांगायचं, रडू फुटायच्या आधी.
नंतर सांगितलं तर तो सापळा होतो.

यारेलीला मी ते सांगितलं होतं, शब्द न् शब्द.
पंधरा वर्षांची. हुडीच्या बाहीत बोटं लपवून
ती म्हणाली, आई पॅकिंग शेडमध्ये रात्रपाळीला जाते,
जुळे भाऊ माझ्याकडे, झोपते दीडला.
तक्रार नव्हती ती. हिशेब होता.
हे पोटात ठेव, म्हणाली.

गुरुवारी शिक्षकांच्या खोलीत
कोणाचं तरी सूप मायक्रोवेव्हमध्ये फिरत होतं.
गणिताचे हॉल्वरसन म्हणाले, पेंगते ती पोर.
मी तिची बाजू घेतली:
"अहो, घरी दोन लहान भाऊ आहेत, अर्धी रात्र जागते ती."
एवढंच.
जिभेला हाड नसतं.
माझ्या जिभेला त्या दिवशी मायाही होती.

सोमवारी प्रगत गणिताची यादी लागली.
तिचं नाव नव्हतं.
"तिच्यावर आणखी ओझं नको," हॉल्वरसन म्हणाले,
आणि खरंच, चांगल्या मनानं म्हणाले.
तिच्यापेक्षा नऊ गुण कमी असलेला कोल्टन यादीत होता.
तो किती वाजता झोपतो
हे कोणी विचारलं नव्हतं.

मग मी जुन्या याद्या काढल्या, सात वर्षांच्या.
शेडवाल्यांची मुलं एका हाताच्या बोटांवर.
गाळलेल्या नावांपुढे समासात बारीक अक्षरं:
घरची परिस्थिती. झेपणार नाही. सध्या नको.
एकही शब्द कठोर नाही.
निम्मे हिरव्या शाईत.

मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"अक्षर माझंच आहे," म्हणाल्या,
आणि बराच वेळ दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

यारेलीला मीच सांगितलं.
कोणाला, कुठे, कोणत्या शब्दांत, सगळं.
ती रडली नाही. विचारलं फक्त:
"तीन गोष्टींतली ही कितवी होती?"

तिची आई आली तेव्हा मी यारेलीला म्हटलं,
आज तू दुभाषी नाहीस, बाहेर बस.
फोनवर स्पॅनिशची बाई होती;
आई प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली.
मग मिश्तेकची बाई मिळाली, पण दुसऱ्या डोंगराकडची;
तिसरी मिळेपर्यंत पाऊण तास गेला.
आईच्या नखांत मेण होतं,
फळांना चकाकी देतात ते.
तिनं एकच विचारलं:
आता हे किती जणांना ठाऊक आहे?
मी बोटांवर मोजून नावं सांगितली.
माझ्या नावापासून.

यादी बदलली. फक्त तिची नाही;
समासातल्या नोंदींना आता कारण लागतं,
आणि कारणाला घरच्यांची सही, त्यांच्या भाषेत.
हॉल्वरसन माझ्याशी जपून बोलतात.
यारेली माझ्या खोलीत येत नाही.
न येणं तिच्या हक्काचं आहे, हे मी रोज समजून घेते,
रोज थोडं कमी पडतं.

वहीत मी लिहिलं:
गुरुवार. एक वाक्य. सहा सेकंद.
कोणत्या रकान्यात, ते कळेना.
बाईंनी सही केली, काही न विचारता.

काल नवा मुलगा आला, ओझियास नावाचा, सातवीतला.
मी वाक्य सांगितलं, सावकाश, तिन्ही गोष्टींसह.
त्यानं नीट ऐकून घेतलं.
"आणि जेवणाच्या सुट्टीत?" म्हणाला.